पाटी पेसारोची, भट्टी वेनलिंगची: टीआरके ५०२ इटलीत कशी खपली

इटलीत जाऊन मोटरसायकल विकायची म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा विकायचा. आणि तोही बाहेरगावच्या माणसानं, गावातल्याच एका बंद पडत आलेल्या जुन्या खानावळीची पाटी विकत घेऊन, रस्सा मात्र स्वतःच्या गावाहून डब्यात भरून आणून. चालेल का? कुणीही नाहीच म्हणेल. पण २०२० साली इटलीत सगळ्यात जास्त खपलेली मोटरसायकल नेमकी हीच भानगड होती, बेनेली टीआरके ५०२, टाकीवर पेसारोचं नाव आणि गाडी बनलेली चीनच्या झेजियांग प्रांतातल्या वेनलिंगमध्ये. (स्कूटरचा हिशोब तिथे वेगळा ठेवतात, त्यात होंडाची एसएच कायम पुढे असते, ते सोडून बोलतोय.) पुढच्या वर्षीही पहिला नंबर हिचाच. डुकाटी, मोटो गुझी, अप्रिलिया, एमव्ही अगुस्ता हे सगळे घरचे असताना.

चायनीज बाइकचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते चायनाचा माल आहे, सहा महिन्यांत खुळखुळा होणार, दुसरी म्हणते बघा हां, पाच वर्षांत हे लोक होंडा-बीएमडब्ल्यू सगळ्यांना खाऊन ढेकर देतील. मला दोन्हींचा कंटाळा आलाय, म्हणून म्हटलं एकच गाडी घेऊ आणि तिचं काय कसं झालं ते नीट बघू.

पाटी कुठून आली

पेसारो हे एड्रिॲटिक समुद्राकाठचं शहर, मोटरसायकल रेसर व्हॅलेंटिनो रोसीचं गाव तवुलिया तिथून जवळच. १९११ ला तेरेसा बेनेली नावाच्या विधवा बाईनं घरातला पैसा घालून सहा पोरांना गॅरेज काढून दिलं, पोरं कामधंद्याला लागावीत एवढाच हेतू. पोरं दुरुस्तीवरून सुट्या भागांवर आणि सुट्या भागांवरून १९२१ ला स्वतःच्या मोटरसायकलवर आली. मग रेसिंगचं वेड लागलं, १९५० ला डारियो अँब्रोसिनी आणि १९६९ ला ऑस्ट्रेलियाचा केल कॅरुथर्स बेनेलीवर बसून २५० सीसीचे वर्ल्ड चॅम्पियन झाले. सत्तरच्या दशकात आलेहांद्रो दे तोमासोनं कंपनी घेतली आणि सहा सिलिंडरची ७५० सेई काढली, चक्क सहा सायलेन्सर, ते बघायला आजही माणसं थांबतात. पण तोवर जपान्यांनी युरोपभर जो काही धुडगूस घातला होता त्यात हे टिकणं अवघडच होतं.

नव्वदच्या दशकात आंद्रेआ मेरलोनीनं पुन्हा जीव ओतला, हा वॉशिंग मशीन-फ्रिजवाल्या मोठ्या घराण्यातला माणूस. त्यातून टॉर्नेडो त्रे ९०० आली, रेडिएटर सीटखाली आणि शेपटीत पंखे. असलं काहीतरी इटालियन माणसालाच सुचतं. मग टीएनटी ११३०. दिसायला झकास, आवाज तर विचारू नका, पण महाग, आणि अशा गाड्या विकून कारखान्याचा खर्च निघत नाही. २००५ च्या शेवटाला पैसे संपले आणि वेनलिंगच्या चियानजियांग कंपनीनं बेनेली विकत घेतली. त्याच वर्षी तिकडे ब्रिटनमध्ये एमजी रोव्हर ही कार कंपनी चीनच्याच नानजिंगवाल्यांनी घेतली होती, म्हणजे तो मोसमच तसा होता.

आता प्रश्न असा की चियानजियांगला ही हौस का? लाखांनी गाड्या बनवणारी कंपनी, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत विकायला पेसारोच्या पाटीची काहीच गरज नव्हती, तिथे किंमत बोलते. पण घरची परिस्थिती बघा. चीनमध्ये शंभरावर शहरांनी मोटरसायकलवर बंदी किंवा निर्बंध घातले, ग्वांगझोऊसारख्या महानगरानं २००७ ला पूर्ण बंदी केली, त्यात बाइक १३ वर्षांची झाली की भंगारात काढायची असा नियम. म्हणजे त्या काळी जगात सगळ्यात जास्त मोटरसायकली बनवणाऱ्या देशात शहरी माणसाला मोटरसायकल घेऊन जायला जागाच नव्हती. शहरात मग इलेक्ट्रिक स्कूटी आल्या आणि पेट्रोलची बाइक ही खेड्यातली, कामाची, दूध-भाजी वाहायची वस्तू राहिली. असा धंदा वाढवायचा तर बाहेरच पडावं लागतं.

आणि बाहेर पडून एकदा चटका बसलेलाच होता. व्हिएतनाममध्ये २००० च्या आसपास चिनी गाड्यांचा पूर आला, होंडाच्या निम्म्याहून कमी किमतीत, लोकांनी धडाधड घेतल्या. चिनी कंपन्या आपापसातच भाव पाडत बसल्या, भाव पाडायचा म्हणून माल हलका करत गेल्या, मग २००२ ला होंडानं स्वस्तातली वेव्ह अल्फा काढली आणि दोन-तीन वर्षांत खेळ खल्लास, गिऱ्हाईक परत होंडाकडे. नुसता स्वस्त माल घेऊन गेलं की पुढचा थोडा स्वस्त झाला की आपण संपलो, हे तिथे दिसलं. युरोपात तर असा माल घेऊन दारातही उभं करत नाहीत.

आठ वर्षं काहीच घडलं नाही

केस स्टडीमध्ये हा भाग लोक एका ओळीत उडवतात पण मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाटी घेतली म्हणून दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं नाही. २००५ नंतर कितीतरी वर्षं पेसारोत तेच जुने तीन सिलिंडरचे मॉडेल थोडेथोडे विकत बसले. नवीन म्हणावी अशी गाडी बीएन ६००, चार सिलिंडरची, ती यायला २०१३ उजाडलं. आवाज गोड, पण वजन बघितलं की हा विटा भरलेला टेम्पो. बीएन ३०२ चंही तेच, तीनशे सीसीची गाडी १९६ किलोची. असं का होतं? माझ्या मते, ज्या कंपनीनं आयुष्यभर १२५-१५० सीसीच्या गाड्या लाखांनी काढल्या तिला मोठ्या गाडीची फ्रेम हलकी करायची कशी ते माहीत नसतं, तुटू नये म्हणून ती जाड करते, मटेरियलवर पैसा वाचवते आणि वजनात भरते. ते शिकायला वेळ लागतो. म्हणजे ती आठ वर्षं वाया गेलेली नाहीत, ती फी होती. टाटांनी जॅग्वार-लँड रोव्हर घेतलं तेव्हा निदान तिथले इंजिनिअर आणि चालू कारखाने सोबत आले, बेनेलीत इतकं काही शिल्लकच नव्हतं. नाव, थोडी माणसं, एक डिझाइन ऑफिस.

ते डिझाइन ऑफिस मात्र त्यांनी बंद केलं नाही. पेसारोतलं सेंत्रो स्टीले चालू ठेवलं, आणि ती बुद्धी कुणाची होती माहीत नाही पण पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं.

लायसनच्या भोकातून हत्ती

जानेवारी २०१३ पासून युरोपियन युनियनमध्ये लायसनचे नवे नियम आले. १८ वर्षं झाली की ए२ लायसन मिळतं, त्यावर जास्तीत जास्त ३५ किलोवॅटची गाडी चालवायची, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवर. मोठ्या गाडीसाठी ए लायसन, ते ए२ वर दोन वर्षं काढून परीक्षा दिली की मिळतं, नाहीतर थेट घ्यायचं तर वय २४ पाहिजे. म्हणजे हजारो माणसं अशी की ज्यांना ३५ किलोवॅटच्या आतलीच गाडी हवी.

होंडा झोपलेली नव्हती. सीबी५०० च्या तीन गाड्या त्यांनी नेमक्या याच हिशोबानं काढल्या, त्यातली सीबी५००एक्स ही टूरिंगवाली. गुणी गाडी, हलकी, मायलेज देणारी, तक्रारीला जागाच नाही. आणि हाच प्रॉब्लेम. ती दिसते गुणी. शेजारच्या काकांनी भाच्याला सुचवावी अशी. आणि इटालियन माणसाच्या डोक्यात त्या वेळी कुठली गाडी होती? बीएमडब्ल्यू जीएस. उंच, रुंद, चोचवाली, बाजूला गार्ड, मागे पेट्या, आल्प्स ओलांडून निघालोय असा एकंदर आव. वर्षानुवर्षं तिथल्या मोटरसायकलींच्या यादीत ती वरच. पण किंमत पंधरा हजार यूरोच्या बरीच पुढे, आणि ए२ वाल्याच्या तर लायसनमध्येच बसत नाही.

मिलानच्या २०१५ च्या शोमध्ये बेनेलीनं दोन गाड्या ठेवल्या, लिओनचिनो आणि टीआरके ५०२, दोन्हींत तेच ५०० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, बरोब्बर ३५ किलोवॅट. रस्त्यावर यायला २०१७ उजाडलं. टीआरके बघा, २० लिटरची टाकी, पुढे दोन मोठ्या डिस्क, उंच काच, क्रॅश गार्ड, लांबून बघितली तर हजार सीसीच्या खाली म्हणणार नाही. किंमत सहा हजार यूरोच्या आसपास, होंडापेक्षाही कमी. एक्स मॉडेल घेतलं तर पुढे १९ इंची तारांचं चाक.

वजन २३५ किलो. होंडा दोनशेच्या आत. मासिकवाल्यांनी यावरून धुतलं, ४७ हॉर्सपॉवर आणि एवढं वजन, मागे बायको आणि पेट्या भरून घाट चढताना ओव्हरटेक करायचं म्हणजे आधी अर्ज करा, वगैरे. सगळं खरं होतं. पण शोरूममधलं गिऱ्हाईक मासिकवाला नसतं. त्याला ती गाडी दारात उभी केल्यावर कशी दिसते ते बघायचंय, रविवारी डोंगरातल्या बारपर्यंत जाऊन कॉफी पिऊन परत यायचंय, वर्षातून एकदा सुट्टीत समुद्र. तिथे जडपणा हा दोष राहत नाही, उलट भारदस्त वाटतं. वजन हा बेनेलीचा जुना रोग, टीआरकेत तोच रोग दागिना झाला, यात अर्धं डोकं आणि अर्धं नशीब असं माझं मत.

आणि इथे पाटीचं काम सुरू होतं. हीच गाडी कुणा अनोळखी चिनी नावानं २०१७ ला आणली असती तर किती डीलरनी दारात उभी केली असती? बेनेली म्हटल्यावर डीलर निदान फोन उचलतो, पेसारोत इटालियन बोलणारं माणूस आहे, आजोबांकडे बेनेली होती अशी गोष्ट गिऱ्हाईक स्वतःच सांगायला लागतं. गाडी चीनमध्ये बनते हे कुणापासून लपलेलं नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. पण घेताना माणसाला स्वतःला सांगायला एक कारण लागतं, ते त्या पाटीनं पुरवलं. मग २०२० आलं, वसंतात सगळं बंद, उन्हाळ्यात उघडलं तेव्हा लोकांना बस-ट्रेनही नको होती आणि परदेशही नको, गाडी काढून आपल्याच देशात फिरायचं होतं, आणि खिशात मोजकेच पैसे. टीआरके तयार उभीच होती.

तीच गाडी आपल्याकडे

ही गोष्ट पुण्याला कळायला हवी कारण बेनेली भारतात आली तीच पुण्यातून. डीएसके मोटोव्हील्सनं २०१५ ला आणली, वाईच्या कारखान्यात सुटे भाग जोडून. टीएनटी ६००आय चा तो चार सिलिंडरचा आवाज एफसी रोडवरून गेला की चहाच्या टपरीवरचे सगळे वळून बघायचे, एवढ्या पैशात चार सिलिंडर दुसरं कोण देत होतं. मग डीएसके समूहच आर्थिक संकटात सापडला आणि २०१८ ला बेनेलीनं हैदराबादच्या महावीर ग्रुपशी हात मिळवला. मालक बदलला की ज्यांनी आधी गाड्या घेतल्यात त्यांचं काय, पार्ट कुठून, वॉरंटीचं काय, हे प्रश्न सुटेसुटे वाटतात पण सेकंडहँड बाजारात सगळ्यांचं उत्तर एकाच आकड्यात मिळतं.

टीआरके ५०२ आपल्याकडे फेब्रुवारी २०१९ ला आली, एक्स-शोरूम ५ लाख. त्याच्या तीनच महिने आधी रॉयल एनफिल्डनं इंटरसेप्टर ६५० अडीच लाखांत आणली होती. झालं. तीच गाडी, तेच इंजिन, पण इटलीत ती होंडापेक्षा स्वस्त आणि इथे एनफिल्डच्या दुप्पट, कारण आपल्याकडे आयात कर आणि वर घरचा खेळाडू स्वतःच स्वस्तात देणारा. शिवाय ए२ सारखं लायसन इथे नाहीच, गिअरची गाडी म्हटलं की एकाच लायसनवर शंभर सीसी पण आणि हजार सीसी पण, त्यामुळे बरोब्बर ३५ किलोवॅटचं कौतुक कुणाला. चिनी गाडी चांगली की वाईट या भांडणात लोक ही गोष्ट विसरतात, गाडी एकच असते, बाजूचा कायदा आणि शेजारची किंमत बदलली की तिची किंमत शून्य होते नाहीतर सोनं होतं.

आता पुढे काय

या यशातला चक्रावणारा भाग असा की ज्या पाटीनं दार उघडलं तिची गरज हळूहळू कमी होत चाललीय. चियानजियांगमध्ये २०१६ ला गीलीनं मोठा हिस्सा घेतला, तीच व्होल्वो कार घेणारी गीली, आणि २०२० नंतर त्यांनी क्यूजेमोटर हे स्वतःचं नाव पुढे काढलं, तेही युरोपात. म्हणजे एकाच घरातल्या दोन गाड्या एकाच गिऱ्हाइकाच्या मागे, एकीवर इटालियन नाव, एकीवर नाही, आणि आत पुष्कळसं सारखंच. बेनेलीनं मग ७०० सीसीच्या जवळची टीआरके ७०२ काढली. पण फरक काय हो या दोघांत, असं गिऱ्हाइकानं विचारलं की डीलरनं काय सांगायचं, मला खरंच सुचत नाही.

बाकीच्यांनी वेगळे रस्ते धरले. मोटो मोरिनी हीसुद्धा जुनी इटालियन पाटी, २०१८ ला चीनच्याच झोंगनेंगनं घेतली आणि एक्स-केप ६५० काढून टीआरकेचीच चाल परत खेळली, तीही इटलीत चालली. चीनचेच लॉन्सिनवाले वर्षानुवर्षं बीएमडब्ल्यूला इंजिनं बनवून देत होते, एफ८५० जीएसचं इंजिन त्यांच्याकडचं, तेच हात आता व्होज नावाखाली स्वतःच्या गाड्या युरोपात विकतायत. ज्याच्याकडे जीएसचं इंजिन बनतं त्याच्याकडून गाडी घ्यायला भ्यायचं कशाला, असा सरळ हिशोब. आणि हांगझोऊची सीएफमोटो, तिनं पाटी घेतलीच नाही, ऑस्ट्रियाच्या केटीएमशी सोयरीक केली. केटीएमची ७९० ड्यूक हांगझोऊत बनायला लागली, सीएफमोटोची ८००एमटी केटीएमच्या इंजिनावर आली, आणि २०२४ ला डेव्हिड अलोन्सोनं अस्पार टीमच्या गाडीवर सीएफमोटोचं नाव घेऊन मोटो३ या छोट्या गाड्यांच्या जागतिक रेसिंगच्या सीझनमध्ये १४ रेस जिंकल्या. आतून ती केटीएमच होती हे जाणकारांना माहीत आहे, पण टीव्हीवर दिसतं ते टाकीवरचं नाव.

इथे चाकणचा संबंध येतो. बजाजनं २००७ ला केटीएममध्ये हिस्सा घेतला, छोट्या ड्यूक चाकणला बनून युरोपात जातात, म्हणजे ऑस्ट्रियाच्या नारिंगी गाड्यांमधल्या छोट्या आपल्याकडच्या आणि मधल्या काही हांगझोऊच्या, हे बरीच वर्षं चाललंय आणि तिथल्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. मग नोव्हेंबर २०२४ ला केटीएम दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि २०२५ ला सोडवायला पैसा आला तो पुण्याच्या बजाजकडूनच. युरोपचा बाजार म्हणजे हंडाभर मोहरा असं समजणाऱ्यांनी केटीएमकडे बघावं. गाड्या बनवून गोदामं भरली आणि गिऱ्हाईक आलं नाही. वर १ जानेवारी २०२५ पासून युरो ५ प्लस हा धुराचा नवा नियम, त्यामुळे जुना स्टॉक डिसेंबरातच घाईघाईनं रजिस्टर करून ठेवायची वेळ सगळ्यांवर. दर चार-पाच वर्षांनी असा नियम येणार आणि दर वेळी इंजिनवर पुन्हा खर्च, लहान चिनी कंपन्या त्यातच गळतील. टिकतील त्या चार-पाच.

अमेरिकेचं मला वेगळंच वाटतं. तिथे ए२ सारखी पायरी नाही, मोठी क्रूझर घ्यायला कुणी अडवत नाही, आणि टॅरिफचं तर आज एक उद्या दुसरं. सीएफमोटो तिथे आधी शेतातल्या-जंगलातल्या चारचाकी एटीव्ही विकत पाय रोवून बसली, डीलर त्यातून मिळवले आणि मग त्याच दुकानात मोटरसायकली ठेवल्या, हे शहाणपणाचं. पण इटलीसारखा पहिला नंबर तिथे लवकर दिसेल असं मला वाटत नाही.

टीआरकेपुरतं बोलायचं तर माझा संशय एकाच जागी अडकतो, दहा वर्षांनी काय? जुनी होंडा कुठल्याही गल्लीतला मेकॅनिक उघडतो आणि पार्ट मिळतो. २०२० मध्ये घेतलेल्या टीआरके आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जायला लागतील, तेव्हा जे सेकंडहँडचे भाव निघतील तेच या गाडीचं खरं प्रगतिपुस्तक. नवी गाडी स्वस्त देता येते, जुन्या गाडीची किंमत कंपनीला ठरवता येत नाही.

जाता जाता एक गंमत. २०१९ ला हार्ले-डेव्हिडसननं छोट्या गाडीसाठी भागीदार जाहीर केला, तो कोण तर चियानजियांग. २०२३ ला एक्स३५० आणि एक्स५०० आल्या, आणि एक्स५०० च्या पोटात आहे ते लिओनचिनो-टीआरकेच्या घराण्यातलं ५०० सीसीचं ट्विन. बेनेलीची पाटी आणायला वेनलिंगवाले पैसे मोजून इटलीला गेले होते, हार्लेच्या गावची, मिलवॉकीची पाटी स्वतः चालत वेनलिंगला आली. ऑस्ट्रेलियात शिकाऊ लायसनवाली पोरं ती हार्ले म्हणून चालवतात.